पांढरीखालचे देव

मराठी मुलखात गावाच्या जमिनीला दोन नावे आहेत, काळी आणि पांढरी. पिकते ती काळी, वसते ती पांढरी. माणसांनी पिढ्यान् पिढ्या एकाच जागी घरे बांधली, पडू दिली, पुन्हा बांधली, चुलीची राख आणि गोठ्याचा गाळ तिथेच टाकला, की त्या मातीचा रंग उतरतो आणि टेकाड वर येते. खानदेशात धाब्याच्या घरांवर हीच माती टाकत, कारण ती पाणी धरून ठेवते आणि खाली गळू देत नाही. पुरातत्त्वाच्या लोकांनाही जुनी वसाहत शोधायची असली की ते गावात जाऊन हेच विचारतात, पांढर कुठे आहे?

मी राहतो ते पुरुषोत्तमनगर शहादे तालुक्यात, साखर कारखान्याभोवती वाढलेले. त्याला स्वतःची पांढर असायला अजून काही शतके लागतील. पण इथून थोड्याच अंतरावर, तापी आणि गोमाई जिथे मिळतात तिथे प्रकाशे आहे, आणि प्रकाश्याची पांढर साडेतीन हजार वर्षांहून जुनी आहे. लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर ही तिथली देवळे. काशीची यात्रा केली तरी प्रकाश्याला आल्याशिवाय ती पुरी होत नाही, असे आमच्याकडे मानतात. देवळे किती जुनी असे कुणाला विचारले तर उत्तर वर्षांत येत नाही, युगांत येते.

१९५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथे उत्खनन केले. तेव्हा हा भाग मुंबई राज्याच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडायचे होते. अहवाल सुमारे दहा वर्षांनी ‘एन्शंट इंडिया’च्या २०-२१ या जोडअंकात आला. हेच थापर पुढे बी. बी. लाल यांच्याबरोबर राजस्थानात कालीबंगन खणायला गेले. प्रकाश्याला त्यांना एकावर एक असे चार कालखंड सापडले. सगळ्यात खाली ताम्रपाषाण काळ, म्हणजे थोडे तांबे आणि पुष्कळसे गारगोटीचे बारीक दगडी पाते वापरणारे शेतकरी, इ. स. पू. १७०० ते १३०० असा त्याचा अदमासे काळ त्यांनी दिला. त्याच्यावर लोखंड आणि काळी-तांबडी मडकी, त्यातच उत्तरेकडून आलेली काळी चकचकीत खापरे. मग सातवाहनांच्या आगेमागे सुरू होणारा ऐतिहासिक काळ, आणि शेवटी अकराव्या शतकापर्यंत येणारा थर.

हे सांगायचे कारण असे की आमच्या भागात हल्ली प्राचीनतेबद्दल दोन गोष्टी फार जोरात सांगितल्या जातात. पहिली म्हणते, आपला धर्म पाच हजार, दहा हजार वर्षे जसाच्या तसा चालत आला आहे. प्रकाश्याची पांढर हा त्याचा पुरावा. दुसरी म्हणते, देवळे, वेद, यज्ञ हे सगळे बाहेरच्यांनी आणले, मूळचे आपण. दोन्ही गोष्टी सांगणारे लोक एकाच बसथांब्यावर भेटतात. आणि ‘मूळचे कोण’ हा प्रश्न इथे नुसता वादाचा नाही. १९७१-७२ साली याच शहादे परिसरात अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने भिल शेतमजुरांची चळवळ उभी राहिली, आणि हातून गेलेल्या जमिनी हा तिच्यातला एक मोठा मुद्दा होता. ज्या गावात जमिनीचा सातबारा कुणाच्या नावे आहे यावर माणसांची आयुष्ये ठरली, तिथे इतिहासाचा सातबाराही कुणाला तरी आपल्या एकट्याच्या नावे हवा असतो. माझे म्हणणे एवढेच आहे की पांढरीत उतरून पाहिले तर तो कुणाच्याही एकट्याच्या नावे निघत नाही, अगदी तळाशीसुद्धा.

तळापासूनच बघू. तापीकाठी शहादे तालुक्यातच सावळदे नावाचे गाव आहे. तिथल्या खापरांवरून पुरातत्त्वात एका अख्ख्या संस्कृतीला ‘सावळदा’ हे नाव मिळाले. या मडक्यांवर बाणाची टोके, भाले, मासे अशी चित्रे रंगवलेली असतात. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला सगळ्यात खालचा थर याच लोकांचा आहे, इ. स. पू. २२०० ते २००० च्या सुमाराचा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या कावठ्याला डेक्कन कॉलेजने त्यांची वसाहत खणली. मात्र प्रकाश्याला तळाशी जी मडकी सापडली त्यांचे नाते सातपुड्यापलीकडच्या माळव्याशी आहे, म्हणजे नर्मदेकाठी महेश्वरसमोर असलेल्या नावडाटोलीशी. त्याच्यावर आली ती जोर्वे पद्धतीची भांडी, जी गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात घडली. त्यांच्यासोबत गुजरातकडची चकचकीत लाल भांडीही आहेत. म्हणजे चार-पाचशे वर्षांत या एका संगमावर उत्तरेचे, दक्षिणेचे आणि पश्चिमेचे हात लागलेले आहेत. तापी-नर्मदेची खोरी नकाशावर पाहिली तर यात नवल नाही. सातपुडा आपल्याला भिंत वाटतो. बैल घेऊन चालणाऱ्याला त्यात घाट दिसतात.

बरे, या लोकांचे देव कोणते?

इथे प्रकाशे फारसे बोलत नाही. एका हंगामाच्या कामात उभा छेद घेऊन कालक्रम कळतो. घरे आणि अंगणे कळायला आडवे खणावे लागते, वर्षानुवर्षे. तसे काम महाराष्ट्रात एका ठिकाणी झाले, पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी तिथे शंभराहून अधिक घरे उघडी केली. इनामगावचे लोक प्रकाश्याच्या लोकांचेच भाईबंद, आधी माळवा आणि मग जोर्वे पद्धतीची भांडी वापरणारे, सातू पिकवणारे, गुरे पाळणारे. त्यामुळे तिथे जे दिसले ते तापीकाठी जसेच्या तसे होते असे म्हणता येत नाही, पण अंदाज बांधायला तेच सगळ्यात जवळचे आहे.

इनामगावला देऊळ म्हणता येईल असे काही ठळकपणे उभे नाही. देव सापडला तो घरात, जमिनीखाली. एका घराच्या कोपऱ्यात, सारवलेल्या भुईच्या आत, मातीची लंबगोल डबी पुरलेली होती. डबीत मातीची एक स्त्रीमूर्ती. डबीच्या झाकणावर दुसरी स्त्रीमूर्ती, तिला डोके नाही. शेजारी एक बैल. डोके नसलेल्या मूर्तीच्या पोटाला एक छिद्र आणि बैलाच्या पाठीला एक छिद्र. दोन्हींत काडी घातली की बाई बैलावर उभी राहते. हे सगळे कच्च्या मातीचे, न भाजलेले. काळ इ. स. पू. १३०० च्या आसपास.

कच्च्या मातीचे असणे मला त्यात सगळ्यात बोलके वाटते. भाजायला भट्टी नव्हती म्हणून असे नाही. हेच लोक उत्तम भाजलेली, खणखणीत वाजणारी मडकी करत होते. मूर्ती भाजली नाही ती टिकवायची नव्हती म्हणून. तिचे काम एका विधीपुरते होते. आपण पोळ्याला मातीचे बैल करतो, हरतालिकेला वाळूची पिंड करतो, त्यांना कुणी भट्टीत घालत नाही. खानदेशात श्रावणात कानबाई बसते. तिला देऊळ नाही. घरात चौरंगावर नारळ मांडून, त्याला नथ-दागिने घालून ती उभी करतात, भाऊबंद गोळा होतात, रोट खातात, रात्र जागवतात आणि दुसऱ्या दिवशी नदीवर नेऊन तिला निरोप देतात. इनामगावच्या डबीचे वर्णन पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कानबाईच आली, आणि खानदेशातल्या कुणाही वाचकाचे असेच होईल.

पण इथेच थांबायला हवे. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणजे एकीतून दुसरी निघाली असे होत नाही. घर, बाई, माती, धान्य, मूल जगणे-मरणे या गोष्टी सगळीकडच्या शेतकऱ्यांना सारख्याच छळतात, आणि सारख्या छळणुकीतून सारखे विधी निपजू शकतात. डोके नसलेल्या देवीबद्दल तर हा मोह जास्तच होतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकांपासून तेर, नेवासे अशा ठिकाणी डोक्याऐवजी कमळ असलेली, मांड्या फाकवून बसलेली देवी मिळते. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या नावाच्या पुस्तकात तिचा माग फार दूरवर काढला आहे. इनामगावची देवी आणि ही देवी यांच्यात एक रेघ ओढायला कुणाचाही हात शिवशिवेल. मात्र मध्ये तेराशे वर्षे आहेत. आणि ती भरलेली वर्षे नाहीत, इ. स. पू. ७०० च्या सुमारास इनामगाव ओस पडले. शेवटच्या तीनशे वर्षांत तिथल्या चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, शेती घटली, शिकार वाढली. पावसाने ओढ दिली असावी. जोर्वे पद्धतीची बहुतेक गावे दख्खनमध्ये त्याही आधीच उठली होती. ज्या घरातल्या बायकांनी ती डबी पुरली त्यांच्या नातींच्या नाती कुठे गेल्या हे पांढर सांगत नाही. रेघ ओढायची तर ती तुटक ओढावी.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याभोवतीच्या माळावर पायी हिंडून दाखवले होते की ग्रामदेवतांच्या कितीतरी ठाण्यांपाशी बारीक दगडी पाती सापडतात, म्हणजे त्या जागांवर गावे बसण्याआधीपासून माणसांची ये-जा होती. १९६२ सालच्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त हे आले आहे. मराठीत त्याचा उल्लेख बहुधा ‘देवी तेव्हापासूनची आहे’ असा केला जातो. मला त्यांचा पुरावा वेगळा वाचावासा वाटतो. जागा टिकते, कारण वाट तिथून जाते, पाणी तिथे असते. जागेवरचा देव बदलत राहतो, आणि नवा देव जुन्याचा शेंदूर घेऊन बसतो. प्रकाश्याचा संगम असाच आहे. दोन नद्या मिळतात ही गोष्ट ताम्रपाषाण काळातही होती. ती त्या लोकांना पवित्र वाटत होती का, की केवळ मासे आणि उतार म्हणून सोयीची होती, हे खापरांवरून निघत नाही.

इनामगावच्या लोकांचे मरणाशी असलेले नाते मात्र डबीपेक्षाही स्पष्ट दिसते. ते मेलेल्यांना गावाबाहेर नेत नव्हते. घरातच, नाहीतर अंगणात पुरत. लहान मूल गेले तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यांच्या आत मूल. मोठ्या माणसाला खड्ड्यात उत्ताणे, डोके उत्तरेला, आणि घोट्यावर पाय तोडलेले. का तोडले? गेलेला माणूस उठून चालता होऊ नये, घरातच राहावा, की परत येऊन त्रास देऊ नये? दोन्ही अर्थ निघतात. माझा कल पहिल्याकडे आहे. ज्याची भीती वाटते त्याला कुणी चुलीपासून चार हातांवर पुरत नाही. या गावात एक अपवाद होता. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घरात, ज्याला गावच्या मुखियाचे घर म्हणतात, चार पाय असलेल्या मातीच्या मोठ्या रांजणात एक पुरुष बसवलेला सापडला. त्याचे पाय तोडलेले नव्हते. मरणातही माणसामाणसांत फरक करायला सुरुवात झाली होती, हे या रांजणावरून कळते. नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांबे त्या काळी किती दुर्मीळ होते ते लक्षात घेतले की त्या घरातले दुःखही कळते. आज आपण जाळतो, अस्थी प्रकाश्याच्या संगमात सोडतो आणि गेलेल्याने मागे वळून पाहू नये अशी काळजी घेतो. हा बदल लहान नाही. धर्म जसाच्या तसा चालत आला म्हणणाऱ्यांनी निदान या एका गोष्टीपाशी अडखळायला हवे.

सिंधू संस्कृतीचे काय, असा प्रश्न येतोच. १९३१ साली जॉन मार्शल यांनी मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवरच्या बसलेल्या, शिंगे घातलेल्या आकृतीला शिवाचे आद्य रूप म्हटले, आणि तेव्हापासून ते पाठ्यपुस्तकात जाऊन बसले. लिपी वाचता आलेली नाही, तोवर त्या आकृतीचे नाव कुणालाच ठाऊक नाही. सिंधूच्या उतरत्या काळातली माणसे दायमाबादपर्यंत पोचली होती एवढे दिसते. १९७४ साली तिथल्या एका भिल रहिवाशाला झाडाचे खोड उकरताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ, मिळून साठ किलोंहून जास्त वजनाच्या. रथात एक माणूस उभा आहे. काहींनी त्यालाही पशुपती ठरवले. त्या वस्तूंचा नेमका काळ कोणता यावरही एकमत नाही. देव आहे, राजा आहे की गाडीवान, हे न ठरवता त्याच्याकडे बघत राहिले तरी चालते.

दायमाबादलाच एस. ए. साळी यांना अग्निकुंडासारखी बांधकामे दिसली, नावडाटोलीला सांकलियांना एका घरात चौकोनी खड्डा मिळाला, आणि दोघांनीही त्यांत यज्ञाची शक्यता पाहिली. असेलही. पण आगीभोवती बसणारा प्रत्येक जण वेद म्हणत नसतो. वैदिक धर्म महाराष्ट्रात निःसंशय दिसतो तो बऱ्याच नंतर, इ. स. पू. पहिल्या शतकाच्या सुमारास, नाणेघाटातल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखात. तिथे अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणांची यादीच आहे. आरंभी वंदन कुणाला? धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र-सूर्य, यम, वरुण, कुबेर अशा लोकपालांना. शिव त्या वंदनात नाही. दक्षिण काशीच्या तालुक्यात राहून हे वाचताना थोडे थबकायला होते.

त्याच सुमारास, किंवा थोडे आधी, खानदेशाच्या दक्षिण कडेला पितळखोऱ्याची बौद्ध लेणी कोरली जात होती. तिथे मिळालेल्या ठेंगण्या, हसऱ्या यक्षाच्या हातावर करणाऱ्याचे नाव आहे, कण्हदास, धंद्याने सोनार. यक्ष हा लोकांचा जुना देव. तो उभा होता भिक्खूंच्या विहारात. आणि तो घडवला कृष्णाचा दास असे नाव लावणाऱ्या सोनाराने. या माणसाचा धर्म कोणता असे आजच्या जनगणनेच्या तक्त्यात भरायचे झाले तर कारकुनाची पंचाईत होईल. कण्हदासाची झाली नसावी.

बाहेरून कुणी आलेच नाही, असे म्हणणाऱ्यांना २०१९ साली दोन संशोधने एकदमच अडचणीची ठरली, आणि ‘मूळचे आम्हीच’ म्हणणाऱ्यांनाही. राखीगढीच्या एका स्त्रीच्या सांगाड्यातून जनुके मिळाली, त्यांत मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशाचा अंश नव्हता. दुसऱ्या, मोठ्या अभ्यासात तो अंश इ. स. पू. २००० नंतर भारतात शिरताना दिसला. आजच्या बहुतेक भारतीयांत तो कमीजास्त आहे, आणि सिंधूकाठच्या लोकांचा व त्याहून जुन्या शिकारी लोकांचा अंशही आहे. राखीगढीच्या कामाचे प्रमुख होते वसंत शिंदे, ज्यांनी त्याआधी ढवळीकरांबरोबर आमच्या शेजारचे कावठे खणले होते.

जनुकांपेक्षा मला या मिसळीची गोष्ट घोड्यावरून सांगायला आवडते, कारण आमच्याकडे तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. एकमुखी दत्ताचे दर्शन आणि घोड्याची खरेदी एकाच फेरीत होते. हा प्राणी इथला नाही. दायमाबादच्या रथाला बैल आहेत, घोडे नाहीत. विदर्भात माहुरझरीला लोहयुगातल्या दगडी वर्तुळांत माणसांबरोबर घोडे पुरलेले सापडले, डोक्यावर तांब्याचे अलंकार चढवलेले. तिथे घोडा मेलेल्याच्या सोबतीला जातो. नाणेघाटात तो राजाच्या यज्ञात येतो. आणि सातपुड्याच्या पश्चिमेकडे, गुजरातेत छोटा उदेपूरच्या बाजूला, राठवा आणि भिल नवस फेडायला रानातल्या देवाच्या ठाण्यावर भाजलेल्या मातीचे घोडे नेऊन ठेवतात. ओळीने शेकडो, काही नवे, काही पावसाने झिजलेले. त्यांना ‘आदिम’ म्हणून कपाटात बंद करणाऱ्यांनी हे घोडे मोजावेत. बाहेरून आलेला प्राणी तिथल्या देवाने कधीतरी ठेवून घेतला, त्याला आपले वाहन केले, आणि आता तो नेल्याशिवाय नवस पुरा होत नाही.